जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करायची असेल तर: नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

दरवर्षी निकाल लागला की आठवडाभरात एम.एस्सी. झालेली चार-दोन मुले-मुली भेटायला येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, नेटसाठी कुठला क्लास लावू?’ नेट म्हणजे संशोधन शिष्यवृत्ती आणि प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीची राष्ट्रीय परीक्षा. प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पीएच.डी. ही परीक्षा देऊन मिळणारी पदवी नव्हे. ती पाच-सहा वर्षांची उमेदवारी आहे. सराफ बाजारात सोनाराच्या पेढीवर नवा मुलगा जसा एका विशिष्ट माणसाच्या हाताखाली, त्याच्या हत्यारांनी आणि त्याच्या पद्धतीने काम शिकतो, तशीच ही गोष्ट आहे. प्रवेश परीक्षा म्हणजे त्या पेढीचा फक्त उंबरठा. म्हणून पुढचा क्रम परीक्षेपासून सुरू होत नाही.

आधी हात चालतो का ते पाहावे

जीवरसायनशास्त्राची पुस्तके वाचायला आवडतात, चयापचयाचे तक्ते पाठ आहेत, म्हणजे संशोधन आवडेल असे नाही. संशोधकाचा दिवस पिपेट, बफर, जेल आणि वाट पाहणे यांत जातो. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी निदान सहा महिने एखाद्या प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून किंवा एम.एस्सी.च्या प्रकल्पानिमित्त रोजच्या रोज काम करावे. ‘रोजच्या रोज’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण आठवड्यातून दोन दुपारी केलेल्या प्रयोगातून काहीच कळत नाही.

कामाचे स्वरूप कसे असते याचे माझे एक उदाहरण सांगतो. पहिल्या वर्षी मी एका वनस्पतीतील एन्झाइम शुद्ध करत होतो आणि तेच प्रथिन त्याच कॉलममधून (प्रथिने वेगळी करणाऱ्या, रेझिनने भरलेल्या नळीतून) दर वेळी वेगळ्याच फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे द्रावणाच्या वेगळ्याच भागात, उतरत होते. तीन आठवडे मी कॉलमला दोष दिला, मग रेझिन बदलले, मग स्वतःच्या हाताला दोष दिला. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मीटर उचलून कोल्ड रूममध्ये नेला आणि तिथेच बफरचा, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा, पीएच मोजला. ट्रिस बफरचा पीएच तापमानाप्रमाणे सरकतो: दर अंश सेल्सिअसमागे साधारण ०.०२८ ने. टेबलावर २५ अंशांना नीट ८.० वर आणलेला बफर ४ अंशांना ८.६ च्या आसपास जातो. मी कॉलम कधी टेबलावर चालवत होतो, कधी कोल्ड रूममध्ये, आणि दोन्हीकडे तोच बफर वापरत होतो; पीएच बदलला की प्रथिन उतरण्याची जागाही बदलते. ही गोष्ट पुस्तकात होती, मी ती वाचलेलीही होती. अशा तीन आठवड्यांनंतर ज्याला ‘अरे, म्हणून होत होते तर!’ असे वाटून बरे वाटते, त्याने पुढे जावे. ज्याला फक्त वाया गेलेले तीन आठवडे दिसतात, त्याने वेळीच दुसरी वाट धरली तर त्यात कमीपणा अजिबात नाही. औषधनिर्मिती, रोगनिदान प्रयोगशाळा आणि अध्यापन या तिन्ही ठिकाणी एम.एस्सी.ला काम आहे.

पात्रता आणि परीक्षा

हा भाग माहितीचा आहे, तो थोडक्यात उरकू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात आणि आरक्षित प्रवर्ग, दिव्यांग तसेच आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेश घ्यायचा असेल तर ७५ टक्के हवेत. एम.फिल. ही पदवी आता नाही, त्यामुळे जुन्या प्राध्यापकांनी सांगितलेला ‘आधी एम.फिल. कर’ हा सल्ला विसरावा.

सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा साधारणपणे वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर या सत्रांसाठी होते. जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका २०० गुणांची असते आणि तिचा खरा कस ‘क’ भागात लागतो: ७५ प्रश्नांपैकी २५ सोडवायचे, प्रत्येकाला ४ गुण, आणि चुकल्यास त्याच्या पाव, म्हणजे १ गुण कापला जातो. तिथे पाठांतर कामाला येत नाही. आलेख, जेलची चित्रे आणि प्रयोगाचे निष्कर्ष वाचावे लागतात. ज्याने प्रयोगशाळेत सहा महिने काढले आहेत त्याला हा भाग सोपा जातो, हे मी वारंवार पाहिले आहे, आणि क्लासच्या आधी प्रयोगशाळा हा माझा आग्रह काही अंशी त्यातून आलेला आहे. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशाचीही सोय झाली आहे. ज्यांना शिष्यवृत्ती मिळत नाही पण गुण पुरेसे आहेत, त्यांच्यासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन दिले जाते. मात्र तो निकाल एकच वर्ष चालतो.

याशिवाय ‘गेट’ ही अभियांत्रिकी आणि विज्ञान शाखांची राष्ट्रीय परीक्षा आहे. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यातील जीवविज्ञान हा पेपर घ्यावा, कारण त्यात रसायनशास्त्र सक्तीचे आणि जीवरसायनशास्त्र ऐच्छिक असते. गुण तीन वर्षे ग्राह्य राहतात. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते, तिला विद्यार्थी ‘जेजीबिल्स’ म्हणतात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचीही कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची स्वतंत्र परीक्षा आहे. एकाच परीक्षेवर सगळा भार टाकू नये. अभ्यासक्रम बराचसा सारखाच आहे.

मार्गदर्शक शोधणे, म्हणजे खरे काम

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, आणि बहुतेक जण सर्वांत कमी वेळ इथेच देतात. यादी पाहिली, ‘कर्करोग’ किंवा ‘नॅनो’ हा शब्द दिसला, अर्ज केला. पुढची सहा वर्षे ज्या माणसाच्या सहीवाचून एक रसायनसुद्धा मागवता येणार नाही, त्याच्याविषयी इतकी कमी चौकशी आपण स्थळ पाहतानाही करत नाही.

चौकशी अशी करावी. मार्गदर्शकाचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध पबमेडवर (जीवशास्त्र आणि वैद्यकातील निबंधांच्या मोफत ऑनलाइन सूचीवर) काढावेत आणि त्यांत पहिले नाव कोणाचे आहे ते पाहावे. ते विद्यार्थ्याचे असेल तर चांगली खूण आहे. प्रत्येक निबंधात पहिले नाव बाहेरच्या सहकाऱ्याचे असेल तर त्या प्रयोगशाळेतले विद्यार्थी काय करतात, हा प्रश्न मनात ठेवावा. मग शोधगंगा उघडावी. देशातील विद्यापीठांचे प्रबंध तिथे मोफत वाचता येतात. मार्गदर्शकाचे नाव टाकून त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढावेत, आणि सुरुवातीच्या प्रमाणपत्रांवरून नोंदणी व सादरीकरणाची वर्षे जिथे कळतील तिथे टिपून ठेवावीत. पाच विद्यार्थ्यांपैकी चौघांना सात-आठ वर्षे लागली असतील तर ‘माझे मात्र चारच वर्षांत होईल’ असे समजण्याचे कारण नाही.

त्यानंतर तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलावे. ईमेलवर कोणी खरे लिहीत नाही, म्हणून फोनवर किंवा जमल्यास चहाच्या टपरीवर बोलावे. ‘सर कसे आहेत?’ असे विचारल्यास ‘छान आहेत’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी नेमके विचारावे: सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्ष प्रयोग पाहतात? निबंधाचा पहिला मसुदा कोण लिहितो? मागवलेले एन्झाइम यायला किती आठवडे लागतात? मागच्या वर्षी कोणी मध्येच सोडून गेले का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला, तर ते उत्तरच समजावे.

कडक मार्गदर्शक आणि वाईट मार्गदर्शक यांत फरक असतो, हे इथे सांगणे भाग आहे. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांनी १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून तो नाकारला होता आणि पुढे अटी घालून, पहिले वर्ष जणू परीक्षेवर ठेवून दिला. त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे शिस्तीला कडक होते, पण हातचे राखून न ठेवता शिकवणारे होते. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवणाऱ्या या जीवरसायनशास्त्रज्ञ, दुर्गा भागवतांच्या भगिनी, पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. विद्यार्थिनींनी प्रयोगशाळा निवडताना आजही एक गोष्ट जरूर पाहावी: तिथे याआधी मुलींनी प्रबंध पूर्ण केले आहेत का, आणि रात्री उशिरा काम संपल्यावर वसतिगृहापर्यंत जायची सोय काय आहे. नियमांत महिलांना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे, पण ती रजा घेतलेली एखादी विद्यार्थिनी त्या प्रयोगशाळेत भेटते का, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

विषयाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. नाशिकची मुले बऱ्याचदा द्राक्षावर किंवा कांद्यावर काम करायचे ठरवून येतात, आणि त्यात चुकीचे काहीच नाही. पण विषयाआधी तंत्र निवडावे. प्रथिन शुद्धीकरण, एन्झाइमची गतिकी, मास स्पेक्ट्रोमेट्री, प्रथिनांची रचना यांपैकी एक हत्यार नीट हाती आले की ते कोणत्याही विषयाला लावता येते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येते, हे सगळ्यांना माहीतच आहे असे समजले जात होते: ॲलिनेज हे एन्झाइम काम करते आणि पुढचे सगळे आपोआप घडते. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की ते आपोआप घडत नाही; डोळ्यांना झोंबणारा पदार्थ तयार करायला आणखी एक स्वतंत्र एन्झाइम लागते. लासलगावच्या बाजारात रोज ज्याचे ढीग पडतात, त्यातला हा प्रश्न सुटला तो कांद्याविषयीच्या आपुलकीने नव्हे, तर प्रथिने वेगळी करून एकेक तपासण्याच्या सवयीने.

पत्र लिहिताना एकच काळजी घ्यावी. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅब’ अशी एकच ओळ चाळीस जणांना पाठवू नये. मी अशी पत्रे पाहिली आहेत, त्यांतल्या एकात तर आधीच्या प्राध्यापकांचे नाव बदलायचेच राहून गेले होते. त्यांचा एक निबंध वाचून त्यातील एका आकृतीविषयी मनात आलेला खरा प्रश्न लिहावा, स्वतः हाताने केलेली तीन-चार तंत्रे सांगावीत, आणि दहा-बारा ओळींत थांबावे.

नाशिकला राहून, की बाहेर?

नाशिकमधील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि त्यांपैकी काहींत विद्यापीठमान्य संशोधन केंद्रे आहेत. घरची जबाबदारी असेल किंवा आधीच शिकवण्याची नोकरी असेल तर हा पर्याय विचारात घ्यावा, पण उपकरणे कोणती आहेत ते डोळ्यांनी पाहूनच. उणे ८० अंशांचा फ्रीझर, शीत सेंट्रिफ्यूज आणि अखंड वीज या तीन गोष्टी नसतील तर प्रथिनांवर गंभीर काम होणे कठीण. म्हसरूळचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ वेगळे आहे. ते वैद्यकीय शाखांसाठी आहे आणि त्याचे प्रवेशनियम स्वतंत्र आहेत, तेव्हा नाव जवळचे वाटले म्हणून गोंधळ करू नये.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था अशी एकाच शहरात भरपूर निवड आहे. काम जिथे करायचे ती संस्था आणि पदवी देणारे विद्यापीठ वेगळे असू शकते, हे अर्ज भरतानाच समजून घ्यावे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था, आयआयटी आणि खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र आहे. पंचवटी एक्स्प्रेसने अप-डाऊन करून मुंबईला नोकरी करणारे नाशिककर शेकड्यांनी आहेत, म्हणून पीएच.डी.ही तशीच होईल असा एक गोड गैरसमज घरोघरी आढळतो. जिवाणूंची वाढ गाडीचे वेळापत्रक पाहत नाही. ज्या गावात प्रयोगशाळा, त्याच गावात राहावे लागते.

अमेरिकेचा विचार असेल तर तिथे पदवीनंतरही प्रवेश मिळू शकतो, साधारण पाच-सहा वर्षे लागतात, बहुतेक चांगल्या विद्यापीठांत शुल्क माफ होऊन निर्वाह भत्ता मिळतो, आणि पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत आळीपाळीने काम करून मग मार्गदर्शक ठरवता येतो. ही शेवटची सोय आपल्याकडेही सर्वत्र हवी होती. अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, त्यामुळे शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना दिवाळीच्या सुट्टीआधी गाठावे.

मुलाखत

मुलाखतीत बहुतेक प्रश्न तुमच्याच प्रकल्पावर येतात. एका विद्यार्थिनीने कांद्यातील पेरॉक्सिडेज या एन्झाइमवर काम केले होते. ‘कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) काय होता?’ या प्रश्नाला तिने ‘उकळलेले एन्झाइम’ असे बरोबर उत्तर दिले. पुढचा प्रश्न आला: ‘ते उकळल्यावर खरेच निष्क्रिय झाले होते, हे कशावरून?’ पेरॉक्सिडेज उष्णतेला फार चिवट असते आणि थोडा वेळ तापवले तर थंड झाल्यावर काही अंशी पुन्हा कामाला लागते. म्हणूनच भाज्या गरम पाण्यातून काढण्याची प्रक्रिया पुरेशी झाली की नाही, हे तपासायला त्याचाच उपयोग करतात. तिला हे माहीत नव्हते, पण तिने ‘मी उकळल्यानंतर लगेच मोजले, तासाभराने मोजले नाही, ते मोजायला हवे होते’ असे सांगितले. तिची निवड झाली. माहिती नसणे चालते. मोजमाप कुठे अपुरे राहिले ते न कळणे चालत नाही. याशिवाय एन्झाइमचा वेग दाखवणारा मिखाएलिस-मेंटेनचा आलेख फळ्यावर काढता यावा, पीकेए (आम्लाची ताकद सांगणारा आकडा) म्हणजे काय ते स्वतःच्या शब्दांत सांगता यावे, आणि एखादे उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही’ हे दोन शब्द स्वच्छ उच्चारता यावेत.

पैशाची बाजू

जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर वरिष्ठ म्हणून ४२,००० रुपये आहे. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. एकूण मुदत पाच वर्षांची असते. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्ती (संशोधन शिष्यवृत्ती) आपापल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी आहेत. त्यांच्या जाहिरातींकडे लक्ष ठेवावे आणि जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास ही कागदपत्रे आधीच काढून ठेवावीत. शिष्यवृत्ती कोणतीही असो, पहिला हप्ता हाती पडायला महिने लागू शकतात. थकबाकी मिळते, पण घरमालक थकबाकीवर थांबत नाही. निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून निघावे आणि घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ‘पगार चालू झाला ना?’ या प्रश्नाला दर रविवारी तोंड द्यावे लागते.

आत गेल्यावर

पहिल्या वर्षी किमान १२ श्रेयांकांचे अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात, त्यांत संशोधन व प्रकाशन नीतीचाही समावेश असतो. नोंदणीपासून किमान तीन आणि कमाल सहा वर्षे ही मुदत आहे, वर दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. ती औपचारिकता समजू नये, कारण मार्गदर्शकाशी मतभेद झाले तर अधिकृतपणे बोलता येईल अशी तीच एक जागा असते.

परवानग्यांचे काम पहिल्याच सत्रात सुरू करावे. माणसाच्या रक्ताचा एक थेंब वापरायचा असला तरी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते, प्राण्यांसाठी वेगळी समिती, जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंसाठी जैवसुरक्षा समिती. या समित्या रोज भरत नाहीत.

नोंदवही रोज, शाईने आणि त्याच दिवशी लिहावी. रसायनाचा लॉट क्रमांक, बफर कोणत्या तापमानाला जुळवला, जेलला किती व्होल्ट दिले, हे सगळे त्यात यावे. महत्त्वाच्या नमुन्यांचे छोटे भाग करून ते दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि त्यांची यादी वहीत लिहून ठेवावी. माझ्या एका मैत्रिणीचे आठ महिन्यांचे शुद्ध प्रथिन दिवाळीच्या सुट्टीत एका फ्रीझरचा स्विच पडल्याने गेले. दुसरा भाग कुठेच ठेवलेला नव्हता.

तिसऱ्या वर्षी बहुतेकांचा धीर खचतो. सोबतीचे वर्गमित्र नोकरीत स्थिरावलेले असतात आणि आपल्या हातात धड एक आकृतीही नसते. अशा वेळी जे निकाल आहेत तेवढ्यांचीच आकृती काढून, त्याखाली चार ओळी लिहून मार्गदर्शकांपुढे ठेवावी. कोणता प्रयोग खरोखर राहिला आहे आणि कोणता केवळ भीतीपोटी करत आहोत, हे त्यातून दिसते.

प्रबंध

२०२२ च्या नियमांनुसार प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची देशव्यापी सक्ती राहिलेली नाही, तरी अनेक संस्थांची स्वतःची अपेक्षा असते आणि पुढच्या नोकरीसाठी तर निबंध लागतोच. पैसे भरले की पंधरा दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांकडे मात्र चुकूनही जाऊ नये; तो निबंध नावावर कायमचा राहतो आणि जाणकार तो पाहताच ओळखतात.

पूर्वसादरीकरण झाल्यावर प्रबंधाची साम्यचाचणी (मजकूर कुठून उचललेला नाही ना, याची तपासणी) होते, तो किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो, आणि त्यांचे अहवाल आल्यावर मौखिक परीक्षा होते. अहवाल यायला लागणारा काळ कोणाच्याच हातात नसतो, म्हणून पुढील नोकरीचे किंवा पोस्टडॉकचे (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचे) अर्ज प्रबंध सादर करण्याआधीच सुरू करावेत. त्याच काळात फ्रीझरमधला आपला नमुन्यांचा डबा बाहेर काढावा: प्रत्येक नळीवर नाव, दिनांक आणि बफर लिहिले आहे का ते पाहावे, न कळणाऱ्या नळ्या टाकून द्याव्यात, उरलेल्यांची यादी दोन प्रतींत करून एक नव्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी आणि दुसरी फ्रीझरच्या दारावर चिकटवावी.